तहान दाबून ठेवणाऱ्या बायका

बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या ऊसतोड बायकांना लघवीची जळजळ झाली की सांगितलं जातं, ‘तुम्ही पाणीच पीत नाही, दिवसाला आठ ग्लास प्या.’ दुखण्याचं खापर बाईच्या अडाणीपणावर फुटतं, आणि हेच मला मान्य नाही.

आधी आठ ग्लासांचं बघू. १९४५ साली अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळाने प्रौढांना दिवसाला सुमारे अडीच लिटर पाणी लागतं असं म्हटलं होतं. त्यातलं बरंचसं अन्नातूनच मिळतं, हेही तिथेच लिहिलं होतं. लोकांनी पहिलं वाक्य तेवढं उचललं. २००२ मध्ये हाइन्झ वाल्टिन यांनी शोध घेतला, तेव्हा निरोगी, बैठ्या माणसाने आठ ग्लास प्यायलाच हवेत याला शास्त्रीय आधार सापडला नाही. त्याने तहानेवर विसंबावं, हे ठीक. उन्हात मोळ्या वाहणारीला मात्र पाणी जास्तच लागतं, आणि तहान तर तिला लागतेच. ती दाबते.

का दाबते, ते फडात उभं राहिल्यावर कळतं. अंधार असतानाच कोपी, म्हणजे राहायची झोपडी, सोडायची. ऊस तोडत जावं तसं रान उघडं पडतं, लघवीला जायचा आडोसा संपतो. भोवती गडी, गाडीवान, ट्रॅक्टरवाले. कोयत्याचा जोडीदार नवरा पुढे तोडत असतो, आगाऊ घेतलेली उचल फिटायची असते, खाडा परवडत नाही. मग भाकरीबरोबर दोन घोट, बस्स.

पाणी महत्त्वाचं आहेच. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, वारंवार मूत्रमार्गाचा संसर्ग होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या बायकांनी रोज दीड लिटर पाणी जास्त घेतलं, तर संसर्ग जवळपास निम्म्यावर आला. मध्य अमेरिकेत, निकाराग्वा-एल साल्वादोरच्या उसाच्या मळ्यांत, तरुण मजुरांची मूत्रपिंडं निकामी होत आहेत. उष्णता आणि पाण्याची कमतरता ही त्यामागची प्रमुख संशयित कारणं. म्हणून तिथे पाणी, विश्रांती आणि सावली या तिन्ही गोष्टी एकत्र देण्याचे प्रयोग झाले. नुसत्या सल्ल्यावर भागवलं नाही.

आपल्याकडे २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. या सगळ्याचं कारण एकटं पाणी कमी पिणं नव्हे. पण ओटीपोटाचं दुखणं अंगावर काढायला लावणारं काम, आणि दुखण्याचं मूळ न शोधता केलेली शस्त्रक्रिया, हे दोन्ही या आकड्यामागे आहेत.

पाण्याची विसंगती बघा: मांजरा नदी पाटोदा तालुक्यातच उगम पावते. तिच्या पाण्यावर खाली लातूरकडे ऊस पिकतो, आणि इथली माणसं दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात तोडीला जातात.

फडातच संडासाची सोय हवी म्हटलं की ‘फड रोज बदलतो, संडास कुठे कुठे न्यायचा?’ असं विचारलं जातं. ट्रॅक्टर-ट्रॉली जिथे पोचते, तिथे चाकांवरचा संडास आणि पाण्याचं झाकलेलं पिंपही पोचेल. मजूर त्यांना आणणाऱ्या मुकादमाचे, आमचे नव्हेत, हे कारखान्याचं उत्तरही टिकत नाही. कोणत्या शेतात कधी तोड लागणार, हे कारखान्याचा शेतकी विभागच ठरवतो. त्याच तोडणी कार्यक्रमात संडासाच्या गाडीची फेरी लावावी आणि खर्च कारखान्याने तोडणी-वाहतुकीच्या हिशेबात धरावा, मजुरीतून कापू नये.