नाव ओळखीचे, पत्ता भलताच

महिन्याच्या अठरा तारखेला रात्री दहा वाजता सांगलीहून भाच्याचा फोन आला. "मामू, झोपलात का? कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय. एक-दोन नाही, साठाच्या वर!"

भाचा घरातल्या घरात पाच व्यापाऱ्यांचे हिशेब सांभाळतो. कुणी हळदीचा, कुणी बेदाण्याचा, एक मिरजेचा चपलांचा दुकानदार. वीस तारखेला जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरायची मुदत. म्हणजे हातात दोन दिवस, आणि मशीन बिघडलेले.

झाले होते असे. कॉम्प्युटर संथ चालतो म्हणून त्याने टास्क मॅनेजर उघडला. त्यात एसव्हीसीहोस्ट या नावाची रांगच दिसली. तेवढ्यात मोबाइलवर कुणीतरी पुढे ढकललेला निरोप आठवला, की हे नाव दिसले तर समजा व्हायरस आहे, ताबडतोब बंद करा आणि डिलीट मारा. पठ्ठ्याने तीन बंद केले. चौथ्याला पडदा निळा झाला, मशीन आपोआप पुन्हा सुरू झाले आणि तासाभराच्या नोंदी गेल्या.

आम्ही त्याला आधी हात आवरायला सांगितले. एसव्हीसीहोस्ट ही विंडोजची स्वतःची फाइल आहे. छपाई, आवाज, नेटवर्क, अपडेट अशी विंडोजची कितीतरी कामे पडद्यामागे चालतात, ती या एका फाइलच्या आसऱ्याने चालतात. पूर्वी एकेका फाइलखाली पाच-दहा कामे गोळा केलेली असत. २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून, साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असली तर, बहुतेक कामांना स्वतंत्र जागा मिळू लागली. म्हणून नाव साठ-सत्तर वेळा दिसते. यात भिण्यासारखे काही नाही. उलट, यातले एखादे महत्त्वाचे बंद केले तर विंडोज कोसळते, आणि त्या रात्री तेच झाले.

अशी अफवा नवी नाही. २००१ मध्ये ईमेलमधून एक इशारा जगभर फिरला, की तुमच्या मशीनमध्ये सल्फ्एनबीके नावाची फाइल असेल तर तो व्हायरस आहे, काढून टाका. लोकांनी शोधली, सापडली, काढली, वर ओळखीच्यांनाही कळवले. ती विंडोज ९८ मधली लांब नावे जपणारी साधी उपयोगी फाइल होती. पुढच्याच वर्षी तोच खेळ आणखी एका फाइलवर झाला. तिचे चित्र टेडी अस्वलाचे होते, आणि लोकांना ते अस्वलच संशयास्पद वाटले! दोन्ही वेळा व्हायरस नव्हताच. नुकसान केले ते काळजीने पाठवलेल्या निरोपाने.

पण भाच्याची गोष्ट इथे संपली नाही. आम्ही म्हटले, "आता डिटेल्समध्ये जा आणि सगळी नावे अक्षर लावून वाच." तो वाचत गेला आणि मध्येच थांबला. एका ठिकाणी एस-व्ही-सी नव्हते, एस-सी-व्ही होते. दोन अक्षरांची अदलाबदल. घाईत कुणाच्याही नजरेतून निसटेल अशी.

"त्यावर राइट क्लिक कर, ओपन फाइल लोकेशन."

खरी फाइल सी ड्राइव्हवर विंडोजच्या सिस्टिम३२ मध्ये राहते. ही निघाली ॲपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये. काही चांगले प्रोग्रॅमही तिथे राहतात, पण विंडोजचे नाव लावून तिथे राहणारा बहुरूपीच. मात्र प्रत्येक खऱ्या फाइलचा पत्ता सिस्टिम३२ च असतो असेही नाही. एक्सप्लोररची फाइल थेट विंडोज फोल्डरमध्ये असते. म्हणून ज्या फाइलचा संशय आहे तिचा मूळ पत्ता आधी माहीत करून घ्यावा.

पुढची पायरी सहीची. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचरचा भाग असतो, तिथे बनवणाऱ्याचे नाव दिसते. तो भाग दिसला नाही म्हणून फाइल खोटी ठरत नाही. विंडोजच्या कित्येक फाइलींच्या सह्या वेगळ्या यादीत ठेवलेल्या असतात. आणि सही आहे म्हणजे निर्धास्त, असेही नाही. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेटने दोन नामवंत कंपन्यांच्या चोरलेल्या सह्या वापरल्या होत्या. २००८ चा कॉन्फिकर तर खऱ्या एसव्हीसीहोस्टच्याच पोटात शिरून काम करत असे.

म्हणून शेवटी व्हायरसटोटलवर जावे. तिथे एकच फाइल साठ-सत्तर अँटिव्हायरस तपासतात. एखाद्यानेच बोट दाखवले तर चुकीचा इशारा असू शकतो. वीस-पंचवीसांनी दाखवले तर वाद संपला. एक लक्षात ठेवा, तिथे चढवलेली फाइल इतर सुरक्षा कंपन्यांनाही मिळते. हिशेब, आधार, बँकेचे कागद तिथे कधीही चढवू नयेत.

भाच्याची फाइल तीसहून अधिकांनी पकडली. लगेच इंटरनेट काढले. हिशेबाच्या फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या, प्रोग्रॅम एकही नाही. मग डिफेंडरची ऑफलाइन तपासणी लावली, ती विंडोज सुरू होण्याआधी चालते. पासवर्ड सकाळी बहिणीच्या मोबाइलवरून बदलले. कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला "फॉरमॅट मारू, पाच मिनिटांत विषय संपवू" म्हणत होता. फॉरमॅट कधी कधी करावाच लागतो, पण हिशेब बाहेर काढण्याआधी नव्हे. आमच्या साताऱ्याजवळच्या रहिमतपूरचे कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता कॉम्प्युटरकडे वळले, आणि भाऊ संजय यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधून क्विक हील उभे राहिले. बिघाड पुसण्याआधी तो आला कुठून हे बघणारा दुरुस्तीवाला मिळाला तर त्याला सोडू नये.

आला कुठून, हे भाच्याने तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगितले. हिशेबाचे सॉफ्टवेअर महाग म्हणून कुणाकडून तरी 'क्रॅक' केलेली प्रत घेतली होती. ती बसवताना अँटिव्हायरस बंद करा, असे तिच्यासोबत लिहिले होते. त्याने केला. घराचे कुलूप काढून ठेवा, मग आम्ही सामान आणतो, असे कुणी म्हटले तर आपण काढू का?

विवरणपत्रे वीस तारखेला संध्याकाळी गेली. राहिला एक प्रश्न. "मामू, व्यापाऱ्यांना सांगू का? कुणाचे काही गेलेले दिसत नाही." त्यांचे पॅन, बँक खाती, पासवर्ड त्याच मशीनमध्ये होते. ती अमानत होती. आम्ही म्हटले, सांग, आणि आजच सांग.

त्याने पाचही जणांना भेटून सांगितले आणि पासवर्ड समोर बसून बदलून दिले. चपलांच्या दुकानदाराने आपली फाइल परत मागितली. हळदवाल्याने चहा पाजला आणि विचारले, "नव्या सॉफ्टवेअरला किती लागतात?"