समतोल नव्हे, हक्क!

महिला दिन आला की महाविद्यालयांतून परिसंवाद भरतात आणि 'नोकरी व संसार यांचा समतोल' कसा साधावा, याचे धडे प्राध्यापिकांना दिले जातात. पुरुष प्राध्यापकांसाठी असा परिसंवाद कोणी भरवीत नाही. प्रश्नाचे मर्म येथेच आहे. समतोलाची जबाबदारी एकट्या स्त्रीवर टाकली, की संस्थाचालक, शासन आणि नवरा हे तिघेही मोकळे होतात.

२०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे जातात. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ९७. संशोधनाला लागणारा निवांत वेळ स्त्रीने आणावा कोठून? पुढे बढतीच्या वेळी शोधनिबंधांची मोजदाद होते आणि घरातली विषमता 'गुणवत्ते'च्या नावाने कागदावर चढते.

कायम प्राध्यापिकेला निदान पगारी प्रसूतिरजा आहे. तासिका तत्त्वावर राबणारीचे काय? तास घेतला तर मानधन, सत्र संपले की नेमणूकही संपली. बाळंतपण म्हणजे तिच्या लेखी बेकारीच.

वस्तुतः दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरील मजूर स्त्रियांचा प्रसूतिलाभाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच मान्य केला. २०१७ च्या कायदेदुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवड्यांची केली आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले. कंत्राटाची मुदत संपली म्हणून प्रसूतिलाभ संपत नाही, हेही न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट केले. रस्त्याच्या कामावरील मजूर स्त्रीने जो हक्क लढून मिळविला, तो वर्गात अर्थशास्त्र शिकविणारीने मागू नये काय?

तिजोरीत पैसा नाही, असे उत्तर येईल. ते फसवे आहे. मूल वाढविण्याचा खर्च शासनाने नाकारला म्हणून तो नाहीसा होत नाही. तो बाईच्या खात्यावर चढतो, एवढेच.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात: रिक्त पदे कायम स्वरूपात भरा; तोवर तासिकेवरील प्राध्यापिकांना पगारी प्रसूतिरजा द्या; महाविद्यालयांत पाळणाघरे काढा. प्राध्यापक संघटनांनी वेतनश्रेणीइतक्याच जोराने या मागण्या लढविल्या पाहिजेत. आणि सभेत समतेचा ठराव मांडून घरी आयत्या ताटावर बसणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी आधी स्वतःच्या ९७ मिनिटांचा हिशेब द्यावा. ज्या समाजवादाला स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडवत नाही, तो विद्यापीठाचे दार काय उघडणार?