गळ आणि गळती

मराठी ललित गद्याला पाण्याची वाण कधीच नव्हती. नद्यांचे घाट, कोकणातल्या खाड्या, आड, विहिरी, गावतळी, पावसाळी ओढे, सारे काही त्यात आहे. नाही तो कालवा. सिंचनाच्या अहवालांत तो भेटतो. ग्रामीण कथेत पाण्याच्या पाळीवरून कुऱ्हाडी निघतात तेव्हा ओझरता डोकावतो. परंतु कालवा ही एक जागा आहे, तिच्या काठी निरुद्योग बसता येते, हे आमच्या लेखकांना फारसे सुचलेले दिसत नाही. निसर्ग म्हटला की तो स्वयंभू असावा, अशी आपली एक सोवळी समजूत आहे. कालवा पडला सरकारी. तो मोजून खणलेला आणि दारे लावून अडवलेला.

पुणे जिल्ह्यातल्या नीरा डाव्या कालव्याचेच पाहा. १८७६-७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाल्यावर दुष्काळनिवारणाचे काम म्हणून तो खणला गेला आणि १८८५ मध्ये त्यातून पाणी वाहू लागले. बारामती-इंदापूरच्या उजाड माळावर ऊस उभा राहिला तो या पाण्यावर. आज त्याला १४० वर्षे झाली. भरावावरच्या बाभळी म्हाताऱ्या झाल्या, मोऱ्यांच्या दगडी बांधकामात पिंपळ रुजले, खंड्याने काठच्या मातीत बिळे केली. इतक्या काळानंतरही त्याला 'कृत्रिम' म्हणून हिणवायचे असेल, तर आपल्या गावांनाही तोच शब्द लावावा लागेल.

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका पहाटे आम्ही तिघे मित्र या कालव्यावर गळ टाकून बसलो होतो. सोबत होते एक निवृत्त पाटकरी. सारा गाव त्यांना मामा म्हणे, म्हणून आम्हीही. आवर्तन दोन दिवसांपूर्वी बंद झाले होते. तळ उघडा पडला होता आणि एका मोरीखालच्या खोलगटात तेवढे पाणी साचून राहिले होते. वेळ पहाटेचीच का, असे विचारता मामा म्हणाले, "रातभर पानी दमतंय. उजाडायच्या आत मासा वर येतोय बगा." विज्ञान सांगते तेही हेच. साचलेल्या पाण्यातल्या शेवाळ-वनस्पती रात्री प्राणवायू निर्माण करीत नाहीत, उलट वापरतात. त्यामुळे तो पहाटे सर्वांत कमी असतो आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडतात. मरळीची मात्र तऱ्हा निराळी. ती थेट हवेत श्वास घेते, म्हणून ओसरत्या डबक्यातही तग धरून राहते.

बांबूची काठी, नायलॉनची दोरी, मोरपिसाच्या दांडीचा तरंगा आणि उकिरड्यातून खणलेली गांडुळे एवढाच सरंजाम. अंधारात तरंगा दिसत नव्हता. दोरीवर बोट ठेवून बसायचे. पाऊण तास काहीही घडले नाही, आणि ते काही न घडणे आम्हांला अजून आठवते. पाण्यावर धुके होते, पलीकडच्या उसात कुठेतरी मोटार सुरू झाली, मग थांबली. झुंजूमुंजू झाले तेव्हा पहिली चिलापी लागली, तळहाताएवढी. हा मासा मूळचा आफ्रिकेतला, १९५२ मध्ये भारतात आणलेला. त्याची मादी अंडी आणि पिले तोंडात सांभाळते. खणलेल्या पाण्यात आणलेला मासा, आणि दोघेही आता इथलेच! नंतर एक शिंगटा आला. त्याचा काटा बोटात शिरू नये म्हणून मामांनी तो पायाच्या चपलेखाली दाबून सोडवला. मरळीने दोरी तोडली. एकूण मिळकत सहा मासे.

सूर्य वर आल्यावर मामांनी त्या डबक्याकडे बोट दाखवून जे सांगितले ते मात्र आम्हांला अनपेक्षित होते. "ह्ये समदं पानी कागदावर गळती म्हनून लिवत हुतो आमी. ह्या हिरी, ह्ये मासं, समदी गळती."

खात्याच्या हिशेबात ते चूक नाही. मातीच्या कालव्यातून बरेच पाणी वाटेतच झिरपते आणि शेपटाकडच्या शेतकऱ्याच्या वाट्याला कोरडी चारी येते. त्याचे गाऱ्हाणे खरे आहे. काँक्रीटचे अस्तरीकरण त्याच्यासाठीच असते. वाटेवरचे शेतकरी अस्तरीकरणाला विरोध करतात, कारण त्यांच्या विहिरी त्याच पाझरावर जगतात. हा तंटा खराखुरा आहे आणि गळ टाकून बसणाऱ्याने त्यात न्यायाधीश होऊ नये. पण एक बाजू या तंट्यात उभीच राहत नाही. अस्तर लावलेल्या कालव्याला खोलगट उरत नाहीत, काठावर मुळे धरत नाहीत, आत पडलेल्या जनावराला वर चढता येत नाही. मासे त्यात वाहून येतील, राहणार नाहीत.

ही बाजू शब्दांत यावी कशी? बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त 'मत्स्यविनोद' असा एक भाग आहे. गळ, दोरी, आमिष, माशांच्या जाती यांचे त्यात तपशीलवार विवेचन आहे. आयझॅक वॉल्टनचे गळाच्या मासेमारीवरचे इंग्रजी पुस्तक १६५३ चे, म्हणजे पाच शतकांनी धाकटे. आमचे अभ्यासक 'मानसोल्लासा'कडे वळतात ते त्यातल्या मराठीच्या जुन्या खुणांसाठी. मत्स्यविनोदाची वाट पुढे कुणी धरली नाही. कारण उघड आहे. देशावर मासे धरणारे भोई-कोळी लिहीत नव्हते, आणि लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या ताटात मासा नव्हता. राजाचा विनोद लोकांच्या हाती आला तेव्हा तो हलका ठरला. आमच्या मते जातीने मराठी निबंधाचे जे नुकसान केले त्यात हेही मांडावे लागेल, जरी ते फार लहान रकमेचे असले तरी.

मामांच्या वेळचे पाटकरी आता थकले. कुठल्या मोरीखाली पाणी उन्हाळाभर टिकते, शिंगटे कोणत्या दगडाशी असतात, वाम कधी बाहेर निघते, हे त्यांना पाठ आहे. कालव्याच्या सर्वेक्षणाला माणसे येतात, दुर्बिणी लावतात, पातळ्या मोजतात. मामांना त्यांनी विचारले ते एवढेच, की चहा कुठे मिळेल.