विश्लेषण : स्पर्धा लागली की मुली खरेच मागे पडतात?

दहावी-बारावीचा निकाल लागला की ‘यंदाही मुलींचीच बाजी’ हा मथळा ठरलेला. जेईई अॅडव्हान्स्डच्या गुणवत्ता यादीत मात्र वरच्या क्रमांकांवर मुलगेच जास्त दिसतात. आयआयटीत मुलींची संख्या वाढावी म्हणून २०१८ पासून अतिरिक्त जागा द्याव्या लागल्या. मग ‘मुलींना प्रेशर झेपत नाही’ असा निष्कर्ष काढून घरोघरी विषय संपवला जातो. संशोधन मात्र इतके सरळ नाही.

४० मीटरची शर्यत

या समजाला आधार मिळाला तो इस्रायलमधील एका प्रयोगाने. अर्थतज्ज्ञ युरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी यांनी तो २००४ मध्ये प्रसिद्ध केला. चौथीतील मुले आधी ४० मीटर एकेकटी धावली, तेव्हा मुलगे आणि मुलींच्या वेगात फरक नव्हता. नंतर साधारण सारख्या वेगाच्या मुलांच्या जोड्या लावल्या. मुलग्यांचा वेग वाढला, मुलींचा वाढला नाही.

पण स्वीडनमध्ये ७ ते १० वर्षांच्या मुलांना धावणे, दोरीउड्या आणि नाच यांत एकमेकांसमोर उभे केले, तेव्हा कशातच असा फरक आढळला नाही. हा अभ्यास २०११ चा. तो फारसा कोणाला माहीत नसतो, हेही नेहमीचेच.

फरक येतो कुठून?

याचा सर्वांत बोलका धागा ईशान्य भारतात सापडतो. खासी समाज मातृवंशीय. घराची मालमत्ता धाकट्या मुलीकडे जाते. शेजारचा कार्बी समाज पितृसत्ताक. दोन्हींतील ७ ते १५ वर्षांच्या मुलांना बादलीत चेंडू टाकायला दिला आणि विचारले : आपल्या नेमाचे पैसे घेणार, की दुसऱ्याशी स्पर्धा करून जास्तीचे? म्हणजे इथे वेग नव्हे, स्पर्धेत उतरण्याची तयारी मोजली. खासी मुलगे-मुलींत कोणत्याच वयात फरक नव्हता. कार्बी मुली मात्र लहानपणी मुलग्यांच्या बरोबरीने उतरत होत्या आणि वयात येण्याच्या सुमारास मागे सरू लागल्या. जन्मजात गोष्ट असती, तर ती एका समाजात दिसून शेजारच्या समाजात गायब झाली नसती.

परीक्षेचा नियमही कारण?

चिलीच्या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेत मुली मुलग्यांपेक्षा जास्त प्रश्न सोडून देत. चुकीच्या उत्तराला गुण कापणे बंद झाले आणि ही तफावत सुमारे ७० टक्क्यांनी घटली. मुली त्याच, अभ्यासक्रम तोच, बदलला तो फक्त नियम.

आपल्याकडे जेईई मेन आणि नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा. अर्थात जेईईतील दरीला एवढे एकच कारण नाही. मुलीला क्लाससाठी दुसऱ्या शहरात ठेवायचे की नाही, हा निर्णय पेपरच्या दोन वर्षे आधी घरात झालेला असतो. तो या प्रयोगांत मोजलेला नाही.