परभाषेचे शिक्षण : नियम आणि संवाद

२०२४ सालच्या फेब्रुवारी महिन्यात महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला आणि येथून दहा हजार कुशल तरुण-तरुणी तिकडे पाठविण्याचे योजिले. तेव्हापासून परभाषा कशी शिकवावी, हा प्रश्न केवळ शिक्षकांच्या चर्चेपुरता उरलेला नाही. तो अनेक घरांच्या चरितार्थाचा प्रश्न झाला आहे.

या प्रश्नात बोलण्याचा आमच्या वसईस थोडासा विशेष अधिकार आहे. १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणाऱ्या दादोबा पांडुरंगांचे तर्खडकर हे आडनाव या तालुक्यातील तर्खड गावावरून आलेले आहे. पुढे ज्या भाषांतर पाठमालेने महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांस इंग्रजी शिकविले, तीही तर्खडकरांच्याच नावाने ओळखली जाते. नियम, उदाहरण आणि वाक्यांचे भाषांतर या क्रमाने घोटून घेतलेले इंग्रजी पक्के असे. मात्र ते शिकलेला गृहस्थ निर्दोष अर्ज लिही आणि साहेबासमोर उभा राहिला की त्याची जीभ अडखळे, हा अनुभवही तितकाच सार्वत्रिक होता.

यावर उतारा म्हणून आता 'बोला, म्हणजे भाषा येईल' असे सांगण्यात येते. त्यास आधार नाही असे नाही. वसईचे मूल घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलते, शाळेत प्रमाण मराठी शिकते आणि लोकलच्या डब्यात हिंदी व गुजराती आपसूक उचलते. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातील काही शाळांत असाच प्रयोग केला. व्याकरणाचा क्रम आखून न देता, वेळापत्रक वाचणे, नकाशावर वाट शोधणे अशी कामे मुलांपुढे ठेवली आणि ती करता करता इंग्रजी यावे अशी योजना केली. पण प्रत्येक ठिकाणी चालेल अशी एकच सर्वोत्तम पद्धती नाही, असे १९९० साली याच प्रभूंनी प्रतिपादिले, हे विसरता कामा नये.

लोकलमध्ये हिंदी कानांवर रोज आदळते. जर्मन आदळत नाही. जी भाषा भोवताली नाही, तिचा सांगाडा वर्गातच उभा करावा लागतो. जर्मनमध्ये 'मुलगी' या अर्थाचा शब्द नपुंसकलिंगी आहे. हे नुसत्या गप्पांतून उमजण्यास फार काळ जाईल. शिक्षक ते दोन मिनिटांत सांगू शकतो. उलट, लिंगविभक्तीचे सर्व तक्ते मुखोद्गत असलेल्या परिचारिकेस रुग्णाने मध्यरात्री कण्हत सांगितलेले दुखणे कळले नाही, तर त्या तक्त्यांचा उपयोग काय? तेथे तिला पुस्तक उघडण्यास सवड मिळणार नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. चाळीस मिनिटांच्या तासात पंचवीस मिनिटे रचनेस द्यावी आणि पंधरा मिनिटे मोकळ्या बोलण्यास. साठ मुलांच्या वर्गातही बाकावरील दोघे परस्परांशी बोलू शकतात. त्या वेळी शिक्षकाने प्रत्येक चुकीस टोकू नये. चुका टिपून ठेवाव्या आणि दुसऱ्या दिवशीचा पाठ त्यांतूनच घ्यावा. असे झाले म्हणजे नियम शिकण्याची गरज विद्यार्थ्यास स्वतःच भासते आणि संभाषणही निव्वळ वेळ घालविणे ठरत नाही.

मात्र परीक्षा केवळ लेखी राहिली, तर ही पंधरा मिनिटे पहिल्याच सत्रात गिळंकृत होतील. ज्यास गुण नाहीत ते शिकविले जात नाही, हे आपल्या शाळांचे कटु सत्य आहे. युरोपात मान्य असलेल्या भाषाज्ञानाच्या सहाही पायऱ्यांवर बोलण्याची कसोटी असते. आपल्या शाळांनी तोंडी परीक्षेस नाममात्र नव्हे, खरे स्थान दिले पाहिजे. मुलांस परदेशी धाडण्याचे करार करणाऱ्यांनी त्यांना तेथे मुके करून धाडू नये, एवढेच आमचे मागणे आहे.