दिवसभर पिंजऱ्यातला कुत्रा

घरच्याच कुत्र्याने चावलेली मुले आमच्याकडे बहुधा संध्याकाळी येतात. विचारले की ठरलेले उत्तर मिळते, ‘दिवसभर पिंजऱ्यात होता डॉक्टर, सोडल्याबरोबर अंगावर झेपावला.’ आईवडील दोघेही नोकरीवर, कुत्रा तरुण आणि धावण्याच्या जातीचा. आठ-नऊ तास कोंडल्यावर दुसरे काय होणार?

मोकळे सोडा, असेही सावलीत सांगता येत नाही. जंगल जवळ आहे आणि बिबट्याला कुत्रा म्हणजे सोपी शिकार. अंगणात साखळीला बांधलेला तर आयताच. बंदिस्त जागा हवीच, पण ती खोली किंवा जाळी लावलेली पडवी असावी. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून शरीर थंड करतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पत्र्याखालचा पिंजरा भट्टीच होतो.

रात्री घरात झोपण्यापुरता किंवा तास-दोन तास पिंजरा ठीक, ड्युटीभर नाही. कामावर जाण्याआधी अर्धा-पाऊण तास पळवा, दुपारी शेजाऱ्यांना पाणी द्यायला, फिरवायला सांगा. सतत कोंडलेल्या कुत्र्याला न फिरवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते. एवढेही जमणार नसेल, तर कुत्रा आणूच नये.

आणि चावलाच, तर ‘घरचाच आहे’ म्हणून हळद-चुना लावत बसू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी लसीसाठी रुग्णालयात या.