अपघात नको, सेकंद सांगा

२०२४च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये भंडारा जिल्ह्यातली ज्योती गडेरिया सायकलच्या ट्रॅकवर उतरली. तिच्याबद्दल मराठीत मी जे वाचलं त्यात अपघात होता, जिद्द होती, परिस्थितीवर मात होती. शर्यत नव्हती. ५०० मीटरला किती सेकंद लागले, हे सांगावंसं कुणाला वाटलं नाही.

खरं तर सांगण्यासारखं शर्यतीतच होतं. दुचाकी सायकलवरच्या अपंग खेळाडूंचे सी-१ ते सी-५ असे गट असतात. आकडा जितका लहान, तितकी शरीराची अडचण मोठी. पॅरिसमध्ये महिलांच्या ५०० मीटरला पहिले तीन गट एकत्र उतरले. म्हणून सी-१ आणि सी-२मधल्या खेळाडूंची वेळ ठरावीक गुणकानं कमी केली आणि मग क्रमांक लावले. हा गुणक न्याय्य आहे का? झुकतं माप कुणाला मिळतं? गट वेगळे का ठेवत नाहीत? डकवर्थ-लुईसवरून टपरीवर तावातावानं भांडणारे आपण, इथे मात्र हात जोडून मोकळे होतो.

याला आदर म्हणत नाहीत. ही पळवाट आहे. ज्याची वेळ आपण मोजतो, त्याच्याकडून अपेक्षा ठेवतो. अपेक्षा ठेवली की ट्रॅक, प्रशिक्षक, चांगली सायकल यांचा हिशेबही द्यावा लागतो. नुसत्या कौतुकाला यातलं काहीच लागत नाही. ते फुकट पडतं.

तेव्हा पुढच्या वेळी आधी सेकंद सांगा. चुकलं असेल तर तेही सांगा. अपघाताचं काय ते, वाटलं तर तीच सांगेल.